पहिल्या धारेचा चहा

"मॅडम, रिपोर्ट ओके आहे ना? नक्की ओके?"

अश्विनीनं हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडले. तिच्या एका हातात लॅबचा रिपोर्ट होता, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, आणि शेडच्या मागं तिचे वडील, आबा, भिंतीला हात टेकून ओकत होते. सलग चौथी सकाळ.

"रिपोर्ट ओके आहे," मी म्हटलं. "आपल्या चहात काही नाही. त्यांना डॉक्टरकडे ने."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं साफ खोटं होतं, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिसरं तेवढं बरं बोलले.

मी क्वालिटी कंट्रोलवाली. आधी दूध, मग लोणची आणि सॉस, शेवटची बरीच वर्षं फळांचे रस. क्वालिटी कंट्रोल म्हणजे कारखान्यातला असा माणूस, जो आज रजेवर असावा असं बाकी सगळ्यांना वाटतं. माल तपासायचा, नोंदी ठेवायच्या आणि काही बिघडलं असेल तर ट्रक गेटवर उभा असतानाही "जाणार नाही" म्हणायचं. रिटायर झाल्यावर मी तळेगावात घरी बसणार होते. दोन महिने बसले. तिसऱ्या महिन्यात मी नवऱ्याच्या फोडणीतली मोहरी नीट तडतडली की नाही यावर शेरे मारायला लागले, तेव्हा त्यानंच ओळखीतून अश्विनीचा नंबर आणून दिला. आठवड्यातून दोन-तीन दिवस जायचं आणि तिच्या मालावर नजर ठेवायची, असं ठरलं.

अश्विनी टाकवे बुद्रुकची. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये तिनं चार वर्षं काढली. तिथं येणारे पाहुणे कोंबुचा मागतात आणि तो बाहेरून मागवावा लागतो, हे तिनं पाहिलं. मग नोकरी सोडून घरी आली आणि आबांच्या शेताकडेला बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड मागितलं. आबांनी दिलं. फरशी घातली, टाइल्स लावल्या, जाळ्या बसवल्या. तरी गावातले निम्मे लोक अजून समजतात की कोंबड्यांच्या शेडमध्ये होतो म्हणून त्याला कोंबुचा म्हणतात. एकीनं तर मला विचारलं होतं, त्यात अंडं घालता का.

अंडं नाही. कोंबुचा म्हणजे आंबवलेला चहा. कोरा चहा करायचा, साखर घालायची, गार करायचा आणि त्यात आधीच्या कोंबुचाचं विरजण घालून, तोंडावर फडकं बांधून ठेवून द्यायचा. आठ-दहा दिवसांत विरजणातले जंतू साखर खातात, चहा आंबट होतो, वर एक जाड, गुळगुळीत थर धरतो. त्या थराला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आमच्याकडे बाटल्या धुणाऱ्या हिरामावशींनी पहिल्याच दिवशी त्याला साय म्हटलं आणि तेव्हापासून आमच्या रजिस्टरमध्येही साय असंच लिहिलं जातं. हिरामावशी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. पण सगळे त्यांना मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते, आणि त्या मला बाई म्हणतात. आमचं चांगलं जमतं. म्हणजे त्या बोलतात आणि मी घाईत असते.

आता तब्येतीचं. हे पिऊन काय फायदा होतो, असं मला सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा विचारतात. माझं उत्तर कंटाळवाणं असतं. यात जिवंत जंतू असतात, दह्यात असतात तसेच पण वेगळ्या जातीचे. काही आम्लं असतात. चहाचे स्वतःचे गुण असतात. या सगळ्यानं पचनाला मदत होत असावी असं मानायला जागा आहे. पण बराचसा अभ्यास काचेच्या नळ्यांमध्ये आणि उंदरांवर झालेला आहे; माणसांवरचा थोडा, आणि तोही छोट्या गटांवर. तेव्हा "होऊ शकतो" इतकं म्हणता येतं, "होतोच" म्हणता येत नाही. शिवाय थोडी साखर उरते, अल्कोहोल किंचित का होईना तयार होतं, आणि गरोदर बाईनं किंवा आजारपणानं प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे पिऊ नये. एवढं होईपर्यंत लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर येते आणि विचारणारा उतरून जातो.

अश्विनीला एवढं लांब उत्तर परवडणारं नव्हतं. तिनं लेबल छापून आणलं होतं: "पोटाचा खरा मित्र. शरीर आतून स्वच्छ करतो."

"हे काढ," मी म्हटलं होतं.

"सगळेच लिहितात, मॅडम."

"सगळे मला पगार देत नाहीत. तू देतेस, म्हणून तुला सांगते."

"आबांचंच बघा की. त्यांचं पोट सुधारलं ना?"

हे मात्र खरं होतं. आबा पूर्वी दिवसाला आठ-नऊ कप गोड चहा घ्यायचे आणि रात्रभर करपट ढेकर द्यायचे. लेकीचा आंबट चहा सुरू केल्यावर साधा चहा दोन कपांवर आला आणि ढेकर थांबले. हे नव्या चहामुळे झालं की जुना सुटल्यामुळे, ते सांगणं अवघड. आबांच्या मनात मात्र शंका नव्हती. पारावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरीनं च्या केलाय, पर औषीद हाय." रोज सकाळी सहा वाजता शेड उघडायला तेच यायचे, आणि कुलूप काढलं की आधी स्वतःचा अर्धा ग्लास भरून घ्यायचे. नवीन तोट्या बसल्यावर तर ते हसून म्हणायचे, "आपली पैल्या धारेची." आम्ही सगळे हसायचो.

नवीन तोट्यांची गोष्ट अशी. सुरुवातीला आमचा सगळा माल काचेच्या मोठ्या बरण्यांत व्हायचा आणि आम्ही तो स्टीलच्या ओगराळ्यानं काढायचो. मागणी वाढली तशी अश्विनीनं स्टीलच्या तीन टाक्या घेतल्या, खाली तोटी असलेल्या. कागदपत्रं मी तपासली. टाकीचं स्टील खाद्यपदार्थांना चालणारं आहे, असं सर्टिफिकेट होतं. मी त्यावर सही केली. तोट्या दुकानदारानं वेगळ्या लावून दिल्या होत्या, चकचकीत, आरशासारख्या. त्यांचं सर्टिफिकेट मी मागितलं नाही. टाकी स्टीलची, तोटीही स्टीलची दिसते, मग विचारायचं काय? नोकरीत असताना ज्युनिअर मुलांना मी याच चुकीसाठी फैलावर घ्यायचे.

टाक्यांतून माल काढायला लागल्यावर आठवड्याभरात आबांना मळमळायला लागलं. आधी कुणी मनावर घेतलं नाही. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी एक मेसेज पाठवला होता: आंबवलेली पेयं पिणाऱ्याला सुरुवातीला मळमळतं, पोटात कळ येते, ती शरीरातली घाण बाहेर पडत असल्याची खूण असते. आबांनी तो मला वाचून दाखवला.

"घान निघतीय, बाई. लय वर्सांची हाय, टाइम लागनार."

"आबा, असं काही नसतं. दोन दिवस बंद ठेवा."

"बंद केलं तर आर्धी आतच ऱ्हाईल की."

आणि त्यांनी अर्ध्या ग्लासाचा एक ग्लास केला. सगळी घाण लवकर निघावी म्हणून.

मग ओकाऱ्या सुरू झाल्या. त्याआधीच मी काळजीनं नव्हे, नियमानं सॅम्पल घेतलं होतं. हे स्पष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. सॅम्पल घेण्याची एक पद्धत असते. तोटी बाहेरून स्पिरिटनं पुसायची, उघडायची, सुरुवातीची धार बादलीत जाऊ द्यायची आणि मगच निर्जंतुक बाटली खाली धरायची. तोटीत रात्रभर अडकलेला माल टाकीतल्या मालासारखा नसतो, त्यामुळे तो तपासला तर चुकीचं उत्तर येतं. हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं आणि मी पुढं कितीतरी जणांना शिकवलं. बाटल्या भरतानाही आमचा हाच नियम होता, आधीची धार फेकायची. मी सॅम्पल लॅबला पाठवलं. आम्लता, साखर, अल्कोहोल, अपायकारक जंतू, बुरशी. सगळं मर्यादेत. रिपोर्ट आला त्या गुरुवारी सकाळीच अश्विनीनं मला तीनदा विचारलं, आणि मी ते वाक्य बोलले.

तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी आबांना तपासलं, सलाइन लावलं, रक्त घेतलं. संध्याकाळी अश्विनीचा फोन आला.

"शनिवारी दुर्बीण घालून बघू म्हणाल्या."

"बघू दे की. काही निघणार नाही."

मग ती म्हणाली, "मॅडम, माझे मोठे काका असेच गेले. आधी मळमळ, मग ओकाऱ्या. दुर्बिणीत गाठ दिसली. तीन महिन्यांत संपलं सगळं. आबांना आम्ही काही बोललो नाही, पण दवाखान्यातून येताना ते स्वतःच म्हणाले, दादाचंबी असंच हुतं."

शनिवारीच लोणावळ्याच्या त्या रिसॉर्टचे परचेस मॅनेजर युनिट बघायला येणार होते. ती नोकरी सोडून आली तेच रिसॉर्ट, तिची पहिली मोठी ऑर्डर. मी भीत-भीत विचारलं, "मॅनेजरना काय कळवायचं?"

"येऊ देत. आईला दवाखान्यात थांबवते. सॅम्पल तेवढं तुम्ही नव्यानं घ्या, त्यांना मागाहून ताजा रिपोर्ट पाठवावा लागेल."

शुक्रवारी सकाळी मी कान्हे फाट्यावरून आत वळले तेव्हा दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती. आबांचं शेत तेवढं उभं होतं. शेडच्या दारातच आबा खुर्चीवर बसलेले दिसले, अंगावर शाल, चेहरा उतरलेला. हातात ग्लास, रिकामा.

"आबा, पुन्हा घेतला?"

"तुमीच म्हनला न्हवं, च्यात काय न्हाई म्हनून? मंग गोळीच्या आदी घेटला. येवडा येक तरी आधार हाय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. दहा मिनिटांनी ते उठून शेडच्या मागं गेले, आणि आतून मला सगळं ऐकू येत होतं.

मी पहिल्या टाकीपाशी बसले. तोटी पुसली, बादली सरकवली, धार सोडली. हिरामावशी शेजारी उभ्या होत्या. एरवी त्या बादली उचलून कढीपत्त्याच्या बुडाशी ओततात आणि दर वेळी म्हणतात, "चांगला च्या का सांडता, बाई?" त्या दिवशी त्या वाकल्या, आणि धार सुरू होताच ओंजळीत थोडा चहा धरून जिभेवर घेतला. चेहरा वाकडा करून थुंकल्या.

"बाई, ह्ये कळकलंय."

मी वरसुद्धा पाहिलं नाही. "मावशी, आंबट आहे तो. तुम्हाला सवय नाही."

"आंबट न्हाई म्हनत. कळकलंय म्हनते. येवडं कळंना व्हय मला?"

कळकणं हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला असेन. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक, कढी, चिंचेचं सार, काहीही आंबट ठेवलं की ते कळकतं. चव तुरट-कडवट होते, जिभेवर पैसा ठेवल्यासारखी, आणि असलं पोटात गेलं की उलटतं. माझ्या आईनं एकदा अख्खं पातेलंभर ताक याच एका शब्दावर मोरीत ओतलं होतं. पण मी नोकरीत आयुष्य घालवलं ते स्टील आणि काचेत. माझ्या कुठल्याही फॉर्ममध्ये हा शब्द नव्हता.

"मावशी, कळकायला पितळ लागतं. इथं कुठंय पितळ?"

"त्ये मला काय ठावं. मला त्वांडाला लागतंय त्ये सांगितलं."

"थांबा." मी धार वाहू दिली, नेहमीइतकी, मग चमचाभर त्यांच्या हातावर घातला. "आता?"

त्यांनी चव घेतली. पुन्हा घेतली. "ह्यो चांगला हाय की. आंबाट, पर चांगला."

"आणि मघाचा?"

"त्यो कळकल्याला. आबा रोज पित्यात त्यो, पैला. म्हनून तर चाखला म्या. म्हनलं, मानूस मरायला लागलंय, बगू तरी काय पितंय."

मी तशीच खाली बसून राहिले. माझं सॅम्पल, माझा रिपोर्ट, विकायच्या बाटल्या, सगळं पहिली धार सोडून दिल्यावरचं. आणि पहिली धार रोज सकाळी सहा वाजता एकच माणूस पीत होता. मी ती नियमानं फेकत होते आणि ते ती प्रेमानं पीत होते. लेकीचा माल, पहिला मान आपला.

टाकी रिकामी करून तोटी काढायला अर्धा तास लागला. बाहेरून चकचकीत. मी चाकूच्या टोकानं कडेला खरवडलं आणि पांढऱ्या चकाकीखालून पिवळी रेघ निघाली. स्टील नव्हतंच ते. पितळेवर बाहेरून मुलामा दिला होता आणि आतून तेवढाही नाही. आतलं पितळ चिंच लावून घासलेल्या समईसारखं लख्ख होतं, आणि आट्यांपाशी, जिथं थेंब वाळत होते, तिथं हिरवट-निळी पूड. कोंबुचा चिंचेच्या सारासारखाच आंबट. रात्रभर तो त्या तोटीत बसून पितळ खात होता आणि सकाळी आबांच्या ग्लासात उतरत होता.

हिरामावशींनी तोटी हातात घेऊन उलटसुलट केली. "कल्हई न्हाई केली हिला," त्या म्हणाल्या, आणि मला परत दिली.

मी अश्विनीला हाक मारली. तिनं ती पिवळी रेघ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती फक्त म्हणाली, "डॉक्टरांना फोन लावा."

लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रोज किती, रिकाम्या पोटी का, किती वेळात उलटी होते. मग म्हणाल्या, "पितळेतलं तांबं पोटात गेल्यावर असंच होतं. पिणं बंद करा आणि त्यांना आत्ता घेऊन या. रक्तात तांबं, शिसं, लिव्हर, किडनी सगळं तपासून घेऊ. दुर्बिणीचं दोन-चार दिवस थांबून ठरवू." आणि विचारलं, "हे कुठल्या लॅबनं शोधलं?"

"आमच्या बाटल्या धुणाऱ्या मावशींनी."

"काय?"

"चाखून," मी म्हटलं. पलीकडे त्या हसल्या की नाही ते कळलं नाही.

त्या दिवशी उरलेल्या दोन्ही तोट्याही काढल्या. पहिल्या धारेचं सॅम्पल वेगळं पाठवलं, आणि या वेळी धातू तपासायला सांगितले. ते आपण मागितल्याशिवाय कुठलीच लॅब तपासत नाही. तळेगावच्या दोन दुकानांत गेलेल्या बाटल्या परत आणल्या. त्यांत पुढे लॅबला काही सापडलं नाही, पण तेव्हा ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसेल तेव्हा माल परत येतो. टाक्यांमधला सगळा चहा ओतून दिला. साय तेवढी जुन्या बरण्यांतली वेगळी ठेवलेली होती, ती वाचली.

संध्याकाळी अश्विनीनं माझ्यासमोरच परचेस मॅनेजरना फोन केला.

"सर, उद्या येऊ नका. माझ्याकडे माल नाही."

"काय झालं?"

"तोट्या खराब निघाल्या. सगळा माल फेकला. माझे वडील आजारी पडलेत त्यानं."

मी तिच्याकडे बघत होते. खरं सांगते, तिच्या जागी मी 'टेक्निकल कारणामुळे' म्हटलं असतं. आयुष्यभर तेच म्हणत आले.

"अश्विनी, हे तू मला सांगायची गरज नव्हती," ते म्हणाले.

"तुमच्याच किचनमध्ये शिकले, सर. फ्रिज बंद पडला तर आधी सांगायचं, मग रडायचं."

"माल तयार झाला की कळव," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचे तीन दिवस लांब गेले. पहिल्या दिवशी आबांना मळमळ होती, ओकारी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाताची पेज मागितली. तिसऱ्या दिवशी सकाळी मला अश्विनीच्या फोनवरून फोन आला आणि पलीकडे आबाच होते. "बाई, भाकरी खाल्ली. ऱ्हायली पोटात." मी नवऱ्यासमोर रडले. त्याला वाटलं कुणीतरी गेलं.

रक्ताचे रिपोर्ट आले. तांबं वाढलेलं होतं पण उतरणीला लागलेलं. शिसं जवळजवळ नव्हतंच. लिव्हर, किडनी ठीक. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण रद्द केली. आमच्या पहिल्या धारेचाही रिपोर्ट आला. तांब्याच्या रकान्यासमोर लॅबनं लाल शाईनं गोल केला होता. बाकी सगळ्या रकान्यांत तेच जुनं: मर्यादेत, मर्यादेत, मर्यादेत.

मी आबांकडे गेले ते माफी मागायला. वाटेत वाक्यं तयार केली होती. ओट्यावर बसले आणि एकही आठवलं नाही. एवढंच म्हटलं, "आबा, चुकलं माझं. मी म्हटलं चहात काही नाही, म्हणून तुम्ही पीत राहिलात."

आबांनी पान लावता-लावता माझ्याकडे पाहिलं. "तुमी तपासली ती बाटली येगळी, बाई. म्या पेलो त्यो गिलास येगळा. तुमाला तरी काय सपान पडनार हुतं?"

"पण विचारायला हवं होतं."

"त्ये व्हय," ते म्हणाले. "इचारायला पायजे हुतं." आणि पान माझ्यापुढं केलं. मी पान खात नाही. त्या दिवशी खाल्लं.

त्यांचं शेत कापायचं राहिलं होतं. हिरामावशी त्यांची सून आणि शेजारच्या दोघींना घेऊन गेल्या आणि कापून आल्या. अश्विनी नको-नको म्हणत होती. मावशी म्हणाल्या, "तुजा बाप बरा झाला न्हवं? मंग गप बस." मी विळा धरून बघितला. एका ओळीनंतर मला बांधावर बसवण्यात आलं आणि पाणी देण्याचं काम मिळालं. त्यातही मी पेल्याचा काठ बघून घेतला, स्टीलचाच आहे ना म्हणून. बायका खूप हसल्या.

नवीन तोट्या आल्या. खऱ्या स्टीलच्या, सर्टिफिकेटसकट, आणि तरीही मी त्यातली एक उघडून, खरवडून बघितली. दुकानदाराला राग आला. येऊ दे. लेबलही बदललं. अश्विनीनं विचारलं, "मग आता लिहायचं काय?" मी म्हटलं, "जे आहे ते. चहा, साखर, पाणी, विरजण. आंबट लागतो. मळमळलं तर पिऊ नका." शेवटच्या वाक्यावर ती अडून बसली. कुठला विकणारा असं लिहितो? दोन दिवस विचार करून तिनंच ते छापून आणलं, बाकीच्या अक्षरांपेक्षा थोडं मोठं.

दीड महिन्यानं परचेस मॅनेजर आले. टाक्या पाहिल्या, रजिस्टर पाहिलं, लेबल दोनदा वाचलं. ऑर्डर दिली. ठरली होती त्याच्या निम्मी, पण दिली. आणि जाताना म्हणाले, "त्या मावशी कुठं आहेत?" मावशी बाटल्या धुत होत्या. त्यांनी हात पुसले नाहीत की मान वर केली नाही. त्यांना वाटलं बिल मागायला कुणी आलंय.

आबा परत पितात. अर्धा ग्लास, जेवणानंतर, डॉक्टरीणबाईंना विचारून. त्यांचं पोट चांगलं आहे. ते चहामुळे की भाकरीमुळे की गाठ नाही हे कळल्यामुळे, मी अजूनही सांगू शकत नाही. पारावर मात्र ते आता "औषीद हाय" म्हणत नाहीत. "चांगला हाय, पर पैली धार हिराला दावायची," म्हणतात.

आमच्या रजिस्टरला मी एक नवीन रकाना जोडला आहे. "पहिली धार: कळकलेली आहे / नाही." रोज सकाळी सही हिराबाईंची. त्या चाखून थुंकतील असा नियम मी लिहिला आहे, पण त्या थुंकत नाहीत; म्हणतात, चांगला असल्यावर कशाला सांडायचा. महिन्यातून एकदा पहिली धार धातूंसाठी लॅबलाही जाते. दोन्ही उत्तरं आजवर जुळली आहेत. फरक एवढाच, की लॅबला आठ दिवस लागतात.

मध्यंतरी परवान्याच्या तपासणीला एक तरुण अधिकारी आले होते. रजिस्टर चाळताना त्या रकान्यापाशी थांबले.

"मॅडम, ही कुठली टेस्ट?"

मी सांगितली. सगळी, तोटीपासून पानापर्यंत. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. मग वहीत काहीतरी लिहायला लागले आणि अडले. "कळकलेलं याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला मराठीतही हा शब्द आठवत नव्हता. त्यामुळेच एवढं सगळं झालं."

नोकरीत मी शेकडो मुलांना शिकवलं की सॅम्पल घेण्याआधी पहिली धार फेकून द्यायची. ते चूक नव्हतं, आजही तसंच शिकवते. फक्त आता पुढं एक वाक्य जोडते: फेकण्याआधी चौकशी करायची, ती रोज कुणी पितं का.